लिंक क्षणात सावरते, लॉग मिनिटांनी: स्विच ब च्या मॅक टेबलच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

दुहेरी अपलिंकची, म्हणजे वरच्या स्विचकडे जाणाऱ्या दोन केबलींची, स्वीकृती चाचणी काल रात्री झाली. तीन स्विचचा त्रिकोण आहे: अ हा रूट (मार्गांच्या झाडाचं मूळ), ब राखीव रूट, आणि क वर टोकाची यंत्रं. क ची एक केबल अ ला जाते, दुसरी ब ला. तिन्हींवर आरएसटीपी, म्हणजे फेरा टाळण्यासाठी एक मार्ग राखून ठेवणाऱ्या आणि चालू मार्ग तुटला की तो उघडणाऱ्या स्पॅनिंग ट्रीची झटपट आवृत्ती. एरवी क चं अ कडचं पोर्ट रूट पोर्ट असतं आणि ब कडचं अल्टरनेट, म्हणजे राखून ठेवलेलं, फ्रेम (डेटाचे तुकडे) न सोडणारं. क–अ केबल उपसली आणि क वरच्या जवळजवळ सगळ्या यंत्रांचा संपर्क सेकंदाच्या आत परत आला.

अपवाद एकच, लॉग सर्व्हर. तो क वर आहे, राउटर अ वर. बाकीच्या नेटवर्कचे सिसलॉग संदेश, म्हणजे यंत्रांनी पाठवलेल्या घडामोडींच्या नोंदी, त्या राउटरमधून यूडीपीवर (पोच न घेणाऱ्या पद्धतीने) लॉग सर्व्हरकडे येतात. केबल उपसल्यापासून चार मिनिटांहून जास्त वेळ एकही संदेश पोचला नाही. मग कुणी काही न करता ओघ सुरू झाला.

याआधीच्या सरावात हीच केबल उपसली होती तेव्हा लॉग एका सेकंदानेही थांबले नव्हते, म्हणून अहवालात या प्रकाराची नोंद "तात्पुरता, पुन्हा न दिसलेला" अशी करावी असं सुचवण्यात आलं. मी ते मान्य केलेलं नाही. यूडीपीवरचा संदेश हरवला की हरवला, पाठवणारा तो पुन्हा पाठवत नाही. आणि लिंक तुटल्यानंतरची पहिली पाच मिनिटं हीच लॉगची सर्वांत जास्त गरज असलेली वेळ. कारण सापडेपर्यंत स्वीकृती थांबवली आहे.

५ मार्च

स्पॅनिंग ट्रीच्या बाजूने सगळं चोख आहे. क च्या नोंदीनुसार अ कडचं पोर्ट पडलं आणि ब कडचं त्याच सेकंदात फॉरवर्डिंगला गेलं. ब वर, आणि पडलेलं पोर्ट सोडलं तर अ वरही, कुठल्याही पोर्टची भूमिका बदलली नाही, बदलायला नकोच होती.

लॉग सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमशी बोलणं झालं. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरावांपैकी एका वेळी लॉग थांबल्याचं त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी सर्व्हरवर जाऊन राउटरला पिंग केला, आणि पिंगचं पहिलं उत्तर येताच लॉगही यायला लागले. "आमच्या बाजूने बघायला गेलं की सगळं नीटच असतं," असं त्या म्हणाल्या.

बघायला गेल्यावर बिघाड नाहीसा होत असेल तर बघण्याच्या कृतीतच औषध आहे. पिंग म्हणजे सर्व्हरने स्वतः पाठवलेली फ्रेम. एरवी हा सर्व्हर जवळजवळ मुका आहे. सिसलॉग ऐकायचा, लिहून ठेवायचा, उत्तर द्यायचं नाही. मला मॅक टेबलचा, म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर आहे याच्या स्विचमधल्या यादीचा, संशय आहे.

७ मार्च

नव्याने आलेल्या सहकाऱ्याला सगळं सांगताना जे मांडलं ते इथे लिहून ठेवतो, पुढच्या नोंदी त्यावरच उभ्या आहेत.

स्विच पत्ता शिकतो तो फक्त आलेल्या फ्रेमच्या स्रोत पत्त्यावरून. कुणी विचारून, कुणी सांगून नाही. अमुक मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) अमुक व्हीएलएएनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) अमुक पोर्टवरून बोलला, एवढीच नोंद. त्याच पत्त्याची फ्रेम दुसऱ्या पोर्टवरून आली की नोंद त्या पोर्टवर जाते, क्षणात. पत्ता गप्प राहिला तर नोंद म्हातारी होते आणि ठरलेल्या वेळाने पुसली जाते. ८०२.१डी मानकात ही वेळ ३०० सेकंद सुचवली आहे आणि बहुतेक स्विच तीच ठेवतात.

पाठवताना गंतव्य पत्ता बघितला जातो. नोंद असेल तर त्या एका पोर्टवर फ्रेम जाते. नसेल तर आली ते पोर्ट सोडून त्या व्हीएलएएनच्या सगळ्या फॉरवर्डिंग पोर्टवर, म्हणजे फ्लडिंग. यातला तिसरा प्रसंग लोकांच्या लक्षात राहत नाही: नोंद आहे, पण ती फ्रेम ज्या पोर्टवरून आली त्याच पोर्टची आहे. तेव्हा स्विच फ्रेम टाकून देतो. त्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे, कारण ज्याच्यासाठी फ्रेम आहे तो त्याच बाजूला आहे, त्याला ती तिकडेच मिळाली असणार. चूक म्हणून कुठे मोजणी नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

आता आपला त्रिकोण. केबल तुटण्याआधी लॉग सर्व्हरच्या ज्या फ्रेम ब पर्यंत पोचतात त्या क–अ–ब अशा येतात. म्हणून ब च्या टेबलात लिहिलेलं असतं: लॉग सर्व्हर अ कडच्या पोर्टवर. केबल तुटते. अ ला स्वतःचं पोर्ट पडलेलं दिसतं, तो त्या पोर्टवरचे सगळे पत्ते लगेच पुसतो. राउटरकडून आलेली लॉगची फ्रेम अ ला आता अनोळखी, म्हणून तो ती फ्लड करतो, आणि ती ब कडे जाते. ब बघतो: फ्रेम अ कडून आली, टेबल म्हणतं सर्व्हरही अ कडेच. टाकून दिली.

म्हणजे अ ने विसरून उपयोग नाही, ब ने विसरायला हवं. आणि ब ची एकही केबल हललेली नाही, त्यामुळे स्वतःहून विसरायचं त्याला कारणच नाही. ते कारण दुसऱ्या कुणीतरी त्याला कळवावं लागतं. स्पॅनिंग ट्रीमध्ये टोपोलॉजी चेंजची, म्हणजे जोडणीची रचना बदलल्याची, सूचना आहे ती नेमकी यासाठी. मार्ग बदलण्याचं काम सूचनेशिवायही पार पडतं. सूचना जुने पत्ते पुसण्यासाठी असते.

१० मार्च

प्रयोगशाळेत त्रिकोण उभा केला. तेच मॉडेल, तीच फर्मवेअर, बाकी कॉन्फिग मुळातलं. राउटरच्या जागी एक लिनक्स यंत्र, त्यावर लॉग सर्व्हरच्या पत्त्याची एआरपी नोंद (कुठल्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता, ही) स्थिर लिहिली, म्हणजे ते मध्येच विचारणा करून निकाल बिघडवणार नाही. सर्व्हरच्या जागी एक लॅपटॉप, फक्त ऐकणारा. ब च्या मागे एक तिसरं यंत्र. लॅपटॉपने त्याच्याशी एकदा बोलायचं, ब च्या टेबलात नोंद उमटल्याची खात्री करायची, मग गप्प बसायचं. मग केबल.

बिघाड झाला नाही. यूडीपीचा ओघ डोळ्याला जाणवेल इतकाही थांबला नाही.

हे निराशाजनक नाही, उलट कामाचं आहे. मूळ कॉन्फिगवर यंत्रणा जशी चालायला हवी तशी चालते, एवढं पक्कं झालं. क–ब दुव्यावर पोर्ट मिररिंग (फ्रेमची नक्कल काढणं) लावून बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे स्विचमधले आपसातले संदेश, पकडले. केबल उपसल्यावर क कडून ब कडे गेलेल्या पहिल्याच बीपीडीयूच्या फ्लॅग बाइटमधला सर्वांत खालचा बिट उभा आहे, तोच टोपोलॉजी चेंजचा. एरवी अल्टरनेट पोर्टवरून क काही पाठवत नाही, ब कडूनच दर २ सेकंदांनी हॅलो, म्हणजे नेहमीचा बीपीडीयू, येत असतो. आता तेच पोर्ट रूट पोर्ट झाल्यावर क बोलायला लागला आणि पहिल्याच वाक्यात बदल सांगून मोकळा झाला. पुढचे काही सेकंद तो बिट येत राहतो, मग थांबतो.

ब वर ही सूचना पोचताच त्याने क कडचं पोर्ट सोडून बाकीच्या पोर्टवरचे पत्ते पुसले. एज पोर्टवरचे, म्हणजे टोकाचं यंत्र जोडलेल्या पोर्टवरचे, मात्र राहिले. टोकाच्या यंत्रामागे दुसरा मार्ग असूच शकत नाही, म्हणून तिथलं पुसायचं कारण नाही. मग ब ने सूचना पुढे अ ला दिली. सूचना आली त्या पोर्टवरचे पत्ते मात्र कुणी पुसत नाही. ही योजना मला सुंदर वाटते: बदल ज्या दिशेला झाला त्या दिशेची माहिती नवी असण्याची शक्यता जास्त, बाकी दिशांची जुनी असण्याची.

पुसल्यानंतर राउटरची पुढची फ्रेम ब ला अनोळखी. फ्लड झाली, क वर गेली, लॅपटॉपला मिळाली. लॅपटॉप अजूनही गप्पच आहे, ब त्याचा पत्ता अजून शिकलेलाच नाही, तरी ओघ चालू. फेलओव्हरनंतर, म्हणजे राखीव मार्गावर गेल्यानंतर, "स्विच पत्ते पुन्हा शिकतात" असं आपण सहज म्हणतो, पण सेवा परत येते ती विसरल्यामुळे. शिकणं मागाहून होतं, यंत्र बोलेल तेव्हा.

११ मार्च

तोच त्रिकोण आरएसटीपीच्या आधीच्या, जुन्या एसटीपीवर चालवून पाहिला. प्रत्यक्ष गरज नव्हती, पण पुसण्याची मूळ कल्पना तिथे जास्त स्पष्ट दिसते.

राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये हा अल्गोरिदम मांडला, १९९० मध्ये तो ८०२.१डी मानकात आला. त्यात टेबल एका झटक्यात पुसत नाहीत. रूट आपल्या बीपीडीयूमध्ये टोपोलॉजी चेंजचा बिट ३५ सेकंद उभा ठेवतो, म्हणजे त्याच्या दोन टायमरची बेरीज, मॅक्स एज २० अधिक फॉरवर्ड डिले १५. तो बिट बघणारा प्रत्येक स्विच तेवढ्या काळापुरती नोंदींची वयोमर्यादा ३०० वरून फॉरवर्ड डिलेवर, म्हणजे १५ सेकंदांवर आणतो. जो बोलत राहतो त्याची नोंद टिकते, जो गप्प त्याची जाते.

इकडे क चं ब कडचं पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग करून मगच फ्रेम सोडतं. अ ला आपलं पोर्ट पडलेलं लगेच कळलं, तो स्वतःच रूट, त्यामुळे बिट लगेच उभा राहिला. परिणाम असा की तिसाव्या सेकंदाला नवा मार्ग उघडतो तेव्हा ब वरची शिळी नोंद मेलेली असते. हे १५ आणि ३० एकमेकांना धरून ठरवलेले आहेत, हे त्यांच्याकडे नुसते दोन टायमर म्हणून बघितलं की कळत नाही. लर्निंगची अवस्थाही याच विचारातून आली: दार उघडण्याआधी १५ सेकंद आलेल्या फ्रेमचे स्रोत पत्ते टिपून घ्यायचे, म्हणजे उघडल्या उघडल्या सगळीकडे फ्लडिंगचा लोंढा नको.

२००१ च्या ८०२.१डब्ल्यू ने, म्हणजे आरएसटीपीने, मार्ग उघडायचा वेळ ३० सेकंदांवरून क्षणावर आणला. मग १५ सेकंदांत हळूहळू विसरणं परवडणारं नव्हतं. विसरणंही तेवढंच झटपट करावं लागलं. आणखी एक फरक: जुन्यात पोर्ट पडलं तरी टोपोलॉजी चेंज होतो, आरएसटीपीत फक्त एज नसलेलं पोर्ट फॉरवर्डिंगला गेलं की. म्हणून आपल्या त्रिकोणात अ ला केबल तुटल्याचं कळूनही तो कुणाला काही सांगत नाही. सांगायची जबाबदारी क ची, आणि क चा आवाज ब मधूनच जातो. सगळं ओझं त्या एका पोर्टवर आहे.

१३ मार्च

सापडलं.

प्रत्यक्ष चालू असलेल्या ब चं कॉन्फिग आणि प्रयोगशाळेतल्या ब चं कॉन्फिग शेजारी ठेवून ओळीओळीने ताडलं. ब च्या क कडच्या पोर्टवर "रिस्ट्रिक्टेड टीसीएन" चालू आहे. मानकात हे मूळचं बंद असतं. चालू केलं तर त्या पोर्टवर आलेली टोपोलॉजी चेंजची सूचना स्विच इतर पोर्टना कळवत नाही. इथे एक बारकावा आहे जो मीही नीट वाचल्यावरच मनात पक्का केला: "इतर पोर्टना कळवत नाही" याचा अर्थ पुढच्या स्विचला सांगत नाही एवढाच नाही. स्वतःच्या इतर पोर्टवरचे पत्ते पुसणंही त्याच कळवण्यातून होतं. म्हणजे ब सूचना ऐकतो, अ ला सांगत नाही, आणि स्वतःचं टेबलही पुसत नाही. याने चुकीच्या जागी शिकलेले पत्ते टिकून राहतील आणि संपर्क काही काळ तुटू शकेल, असा इशारा मानकातच दिलेला आहे.

प्रयोगशाळेतल्या ब वर ती एक ओळ घातली, पुन्हा केबल उपसली. ओघ बंद.

ब च्या टेबलातली ओळ समोर ठेवून बसलो. केबल उपसण्याआधी: पत्ता ०२:००:००:००:००:११, व्हीएलएएन १०, पोर्ट १, म्हणजे अ कडे. उपसल्यानंतर: तीच ओळ, अक्षरही न बदललेली. पोर्ट १ वर आत येणाऱ्या फ्रेमचा आकडा प्रत्येक वेळी चढत होता. पोर्ट २, म्हणजे क कडे, बाहेर जाणाऱ्यांचा आकडा फक्त हॅलोपुरता हलत होता. फ्रेम आत येत होत्या आणि तिथेच संपत होत्या. त्रुटींचे सगळे आकडे शून्य. मग लॅपटॉपवरून एकच पिंग टाकला. ओळ पोर्ट २ वर गेली आणि त्याच क्षणी ओघ सुरू. मॅडमनी सांगितलेलं अगदी तसंच.

पिंग न करता वाट पाहिली तर ओळ ३०० सेकंदांचं वय पुरं करून गेली, मग फ्लडिंग, मग ओघ सुरू.

१४ मार्च

ती ओळ तिथे का आहे, याचा शोध. बदलांच्या वहीत सापडली. तेव्हा क ला एकच अपलिंक होती, ब कडे. क वरच्या डेस्कटॉपची पोर्ट एज म्हणून लावलेली नव्हती, त्यामुळे कुणीही यंत्र चालू केलं की ते पोर्ट फॉरवर्डिंगला जाई, टोपोलॉजी चेंज होई, आणि सगळ्या नेटवर्कची टेबलं पुसली जात. सकाळी कामाच्या वेळेला फ्लडिंगचा त्रास व्हायचा. त्यावर हा उपाय केला गेला.

त्या वेळी त्याने काही बिघडत नव्हतं, हे स्पष्ट लिहून ठेवायला हवं. एकच मार्ग असेल तर क मागच्या यंत्रांची दिशा कधी बदलतच नाही, मग ब ने न विसरल्याने नुकसान काय? दुसरी केबल जोडली त्या दिवशी तीच ओळ घातक झाली. जोडणी बदलली, पण पूर्वीच्या जोडणीवर आधारलेली सेटिंग पुन्हा तपासायची असते हे कुठल्याच यादीत नव्हतं.

यातून आणखी एक कोडं सुटलं. केबल परत जोडताना कधीच त्रास होत नाही, फक्त तुटतानाच होतो. परत जोडताना अ चं क कडचं पोर्ट फॉरवर्डिंगला जातं, म्हणून बदल खुद्द अ ला दिसतो आणि सूचना ब ला अ कडून मिळते. त्या पोर्टवर बंधन नाही. ब नीट पुसतो.

१५ मार्च

मग काही सरावांत त्रास दिसलाच नाही तो का?

लॉग सर्व्हर पूर्ण मुका नाही. तो वेळ जुळवायला ब मागच्या एनटीपी सर्व्हरशी बोलतो. स्थिरावलेला एनटीपी दर १०२४ सेकंदांनी विचारतो, आपलाही तिथेच स्थिरावलेला आहे. एरवी या सर्व्हरच्या फ्रेम ब पर्यंत जायला दुसरं कारण जवळजवळ नाही. म्हणजे दर १०२४ सेकंदांतले ३०० सेकंद ब ला त्याचा पत्ता माहीत असतो, उरलेले ७२४ नसतो. माहीत नसताना केबल तुटली तर ब फ्लड करतो आणि सगळं सुरळीत. माहीत असताना तुटली तर नोंदीचं उरलेलं वय जाईपर्यंत लॉग बंद.

स्वीकृती चाचणीच्या रात्रीच्या एनटीपी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. केबल उपसण्याच्या मिनिटभर आधी लॉग सर्व्हरची विचारणा आलेली आहे. ३०० वजा तेवढं, म्हणजे चार मिनिटं आणि वर काही. जुळतं. "पुन्हा न दिसलेला" बिघाड म्हणजे साधारण दहात तीनदा दिसू शकणारा बिघाड होता.

याच हिशेबातून न विचारलेली एक गोष्ट बाहेर आली. त्या ७२४ सेकंदांत अ लाही लॉग सर्व्हरचा पत्ता माहीत नसतो. म्हणजे कुठलाही बिघाड नसताना, दिवसातला बहुतेक वेळ, सगळ्या नेटवर्कचे लॉग त्या व्हीएलएएनच्या प्रत्येक पोर्टवर फ्लड होत आहेत. क वरच्या एका रिकाम्या पोर्टला यंत्र लावून पकड घेतली. खरंच येतात, वाचता येतील असे. सुरक्षेच्या गटाला आजच कळवलं.

१७ मार्च

राउटरची बाजू. पाठवणारा कोण आहे यावरही ओघ किती वेळ बंद राहतो ते ठरतं, हे प्रयोगशाळेत स्थिर एआरपी काढून तपासलं.

पाठवणारं यंत्र लिनक्स असेल तर ते शेजाऱ्याची नोंद १५ ते ४५ सेकंदांतल्या कुठल्याशा वेळेनंतर शंकास्पद मानतं, आणखी ५ सेकंद थांबून थेट त्या पत्त्यालाच तीनदा विचारतं. ती विचारणाही ब वर गडप होते, कारण तीही त्याच मॅक पत्त्याला जाते. मग यंत्र नोंद बाद करतं आणि ब्रॉडकास्टने विचारतं. ब्रॉडकास्ट मॅक टेबलकडे बघत नाही, ते सगळीकडे पोचतं. लॅपटॉप उत्तर देतो, उत्तर ब मधून जातं, ब शिकतो, सगळं सुरू. साधारण मिनिटाच्या आतबाहेर बरं होतं, कुणाला कारण न कळता.

राउटरचं तसं नाही. सिस्कोच्या राउटरवर एआरपीची मूळची मुदत ४ तास असते. आपल्या राउटरवरही तेवढीच लावलेली आहे. मॅक टेबल पाच मिनिटांत विसरतं, राउटर चार तास विसरत नाही. या दोन मुदतींमधल्या फरकातूनच वरचं अखंड फ्लडिंग जन्माला येतं: राउटरला पत्ता माहीत आहे म्हणून तो विचारत नाही, विचारत नाही म्हणून सर्व्हर बोलत नाही, बोलत नाही म्हणून स्विच शिकत नाहीत.

१८ मार्च

उपायांवर बैठक. तीन सूचना आल्या.

मॅक टेबलची मुदत कायमची १५ सेकंद करावी, ही पहिली. नको. गप्प यंत्रं प्रत्येक व्हीएलएएनमध्ये आहेत, त्या सगळ्यांसाठी फ्लडिंग आणखी वाढेल. आज जे लॉगचं होतंय ते सगळ्यांचं होईल.

दुसरी: विसरायला लावण्याऐवजी शिकवावं. याला पूर्वपरंपरा आहे. सिस्कोच्या अपलिंकफास्टमध्ये अपलिंक बदलली की क सारखा टोकाचा स्विच आपल्या मागच्या प्रत्येक यंत्राचा पत्ता स्रोत म्हणून घालून मल्टिकास्ट फ्रेम सोडतो, म्हणजे वरचे स्विच नवी दिशा लगेच शिकतात. व्हर्च्युअल मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवल्यावर तिला चालवणारा हायपरवायझर तिच्या पत्त्याने फ्रेम पाठवतो, तेही याचसाठी. कल्पना मला आवडते, पण आरएसटीपीत पुसण्याची सोय आधीच आहे. ती अडवून ठेवायची आणि तिच्या जागी दुसरी यंत्रणा बसवायची, यात अर्थ नाही.

तिसरी, लॉग सर्व्हरने दर मिनिटाला एक पिंग करावा. याला मी विरोध केला. त्याने हा एक सर्व्हर वाचेल, पण क वरचं उद्याचं दुसरं कुठलं ऐकणारं यंत्र त्याच खड्ड्यात पडेल.

ठरलं ते असं. आधी क वरची सगळी टोकाची पोर्ट एज करायची आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड लावायचा, म्हणजे कुणी तिथे स्विच जोडला तर पोर्ट बंद होईल. त्याने सकाळच्या टोपोलॉजी चेंजचं मूळच जाईल. ते गेल्याचं आकड्यांत दिसल्यावरच ब वरचं बंधन काढायचं. हा क्रम उलटा करून चालणार नाही. बंधन आधी काढलं तर फेलओव्हरच्या काळात क ची कटकट पुन्हा सगळ्या नेटवर्कवर येईल आणि कुणीतरी वैतागून ती ओळ परत घालेल. शेवटी त्या व्हीएलएएनवर राउटरची एआरपी मुदत २४० सेकंद, मॅक टेबलच्या मुदतीपेक्षा कमी.

२० मार्च

क वर एज पोर्ट आणि गार्ड लावून झाले. एक पोर्ट गार्डने लगेच बंद केलं. टेबलाखाली एक छोटा स्विच निघाला, स्पॅनिंग ट्री बोलणारा. वापरणाऱ्यांशी बोलून तो काढला, त्यांना भिंतीतली दोन पोर्ट दिली.

२४ मार्च

अ वरचा टोपोलॉजी चेंजचा आकडा शुक्रवारपासून हललेला नाही. आज सकाळी सगळी यंत्रं चालू होतानाही नाही. आधी रोज सकाळी तो चढत असे. पुढच्या पायरीला हरकत नाही.

२६ मार्च

रात्रीच्या वेळेत ब वरचं बंधन काढलं, राउटरची मुदत बदलली. मग चाचणी, यावेळी मुद्दाम वाईटात वाईट प्रसंग निवडून: लॉग सर्व्हरकडून एनटीपी सर्व्हरला हाताने एक विचारणा पाठवली, ब च्या टेबलात नोंद ताजी असल्याचं पाहिलं, आणि लगेच क–अ केबल उपसली.

ब च्या टेबलातली ओळ गेली. लॉग चालू राहिले. राउटरवरून मुद्दाम क्रमांक घालून सोडलेल्या संदेशांची सर्व्हरवरच्या फाइलशी पडताळणी केली. केबल उपसली त्या क्षणीच्या मोजक्या संदेशांखेरीज मालिका सलग आहे. राउटरने पुढची एआरपी विचारणा केली तेव्हा सर्व्हरने उत्तर दिलं आणि ब ने त्याचा पत्ता क कडच्या पोर्टवर शिकला. तोवर फ्लडिंगवर चाललं होतं.

केबल परत जोडली. तेही स्वच्छ. मॅडम जागून बघत होत्या. "या वेळी पिंग करावा लागला नाही," म्हणाल्या. स्वीकृतीवर सही झाली.

२८ मार्च

रिकाम्या पोर्टवर पुन्हा पकड घेतली. लॉग सर्व्हरसाठीचं फ्लडिंग थांबलं आहे. सुरक्षेच्या गटाला पकड पाठवली.

उरलेलं काम: ज्या ज्या जोड्यांना दुसरी अपलिंक मागाहून जोडली गेली आहे त्या सगळ्यांची कॉन्फिग रिस्ट्रिक्टेड टीसीएनसाठी चाळायची. दोन ठिकाणी ती ओळ आधीच सापडली आहे, एकावर छपाईयंत्रं आहेत आणि एकावर तापमानाचे संवेदक. संवेदकांचे आकडे गोळा करणारा सर्व्हरही ऐकणाराच आहे, म्हणून तिथून सुरुवात. नव्या अपलिंकच्या कामाच्या यादीत एक ओळ घातली: दुसरी केबल जोडण्याआधी त्रिकोणातल्या प्रत्येक पोर्टवर टोपोलॉजी चेंजची सूचना पुढे जाते का, हे केबल उपसून, नोंद ताजी असताना तपासावं.